अर्धं पाऊल उशिरा

गेलिक फुटबॉल हा आयर्लंडमधल्या लोकांचा खेळ. तो मी सिंगापुरात खेळले, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. फॉर्मवर मी चाळीस लिहिलं होतं. पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं शील दर रविवारी हात जोडून म्हणणारी बाई शनिवारी पाच वर्षं सहज गिळून टाकायची, आणि वर तिला वाटायचं की आपण चाळिशीच्याच दिसतो. त्या दिवसांतला एक फोटो माझ्याकडे आहे. चांगली पन्नाशीची दिसते. नात विचारते, "आजी, ही कोण?" मी म्हणते, "असेल कुणीतरी."

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. आम्ही बिशानला राहायचो. नवरा जहाजावर इंजिनिअर, चार-चार महिने समुद्रावर. मुलगी चौदा वर्षांची, म्हणजे घरात असूनही समुद्रावरच. मी वन-नॉर्थच्या संशोधन वसाहतीत एका लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. पेशींना वेळेवर खायला घालायचं, बाटल्या निर्जंतुक करायच्या, नोंदी ठेवायच्या. माझ्या शेजारच्या टेबलावर एक आयरिश बाई संशोधन करायची. बत्तीस-तेहतीस वर्षांची, ठेंगणी, रुंद खांद्यांची, दहा मिनिटं उन्हात गेली की भाजल्यासारखी लाल व्हायची. सिंगापुरातल्या आयरिश बायकांच्या फुटबॉल संघाची ती कप्तान होती. प्रशिक्षकही तीच, कारण ते काम दुसरं कुणी घेईना. मी तिला इथे कप्तानच म्हणणार आहे. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं, पण इतक्या वर्षांनी मला ते मराठीतच आठवतं, त्याला माझा इलाज नाही.

एका शुक्रवारी ती म्हणाली, "उद्या सामना आहे आणि एक बाई कमी पडतेय. तुला धावता येतं?"

"शाळेत मी खो-खोच्या संघात होते," मी म्हणाले.

हे खरं होतं. आमच्या शाळेच्या संघात बारा मुली होत्या आणि त्यांतली बारावी मी होते, एवढं फक्त सांगायचं राहिलं.

खेळ तिनं मला जाताना MRT मध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, समजावला. मैदानावर दोन्हीकडे नऊ-नऊ जणी. चेंडू हातानंही घ्यायचा, पायानंही मारायचा. हातात घेऊन चार पावलांपेक्षा जास्त धावायचं नाही, मग तो जमिनीवर आपटायचा किंवा स्वतःच्या बुटावर टाकून परत झेलायचा. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीच्या वरून चेंडू गेला तर एक गुण, आणि पंचाचा पांढरा झेंडा वर. दांडीखालच्या जाळीत गेला तर तीन गुण आणि हिरवा झेंडा. मी सगळ्याला मान डोलावली. मला त्यातलं फक्त झेंड्यांचं कळलं होतं.

"तू काही करू नकोस," मैदानावर पोचल्यावर ती म्हणाली. "ती निळ्या रिबिनवाली दिसतेय ना, तिच्या मागे राहा."

राहिले की. निळ्या रिबिनवालीनं चेंडू घेतला, ती सुसाट निघाली, मी तिच्या मागे. तीस वर्षांत मी बससाठी सोडून कशासाठीच धावले नव्हते. तरी गोलापाशी मी तिला गाठलं, खांदा खाली टाकला, तिच्या पाठीवर तळहाताची सणसणीत थाप मारली, आणि थांबले. दोन्ही हात वर करून थांबले. खो-खोत बाद झालेली मुलगी मुकाट्यानं बाहेर जाते. ही बाई मागे वळून माझ्याकडे एकदा बघून पुढे गेली आणि शांतपणे चेंडू जाळीत मारून आली. हिरवा झेंडा वर गेला. माझे हात अजून वरच होते.

सामना संपल्यावर कप्तान माझ्याजवळ आली. "तू तिला हात लावून थांबलीस का?"

"बाद झाली ना ती."

तिथल्या सगळ्या बायका पोट धरून हसल्या. कप्तान हसली नाही. तिनं मला खो-खो काय असतो ते विचारलं. मी बूट आणि पाण्याच्या बाटल्या मांडून तिला दाखवलं. ओळीत बसायचं कसं, खो मिळाला की उठायचं कसं, एकदा खांदा एका दिशेला वळला की मागे का फिरायचं नाही. तिनं चार वेळा करून दाखवायला लावलं. मग म्हणाली, "तू माणसाला गाठतेस. हे शिकवता येत नाही. गाठल्यावर थांबायचं नाही, एवढंच शिकायचंय तुला."

मी घरी जाऊन मुलीला म्हणाले, "माझ्यात गुण आहेत म्हणे."

"आई, please lah," मुलगी म्हणाली. "तू हाफ पँट घालणार?"

नवऱ्याला त्याच आठवड्यात फोनवर सांगितलं. जहाज कुठल्यातरी बंदराबाहेर नांगर टाकून होतं. "अहो, मी फुटबॉल खेळते आहे." बराच वेळ नुसती खरखर. मग आवाज आला, "अगं, बीपीची गोळी घेतेस ना वेळेवर?"

आता कप्तानच्या खेळाबद्दल सांगते. तिला खेळ येत नव्हता. हे मी मागाहून शहाणपण आल्यावर म्हणत नाही, ती स्वतःच पहिल्या दिवशी म्हणाली होती. ती हळू धावायची. तिचा फटका कुठे जाईल हे तिलाही ठाऊक नसायचं. तिच्या दोन्ही थोरल्या बहिणी मात्र जिल्ह्याच्या संघातून खेळलेल्या. तिकडे प्रत्येक गावाचा स्वतःचा संघ असतो, आणि गावात कोण कुणाचं हे त्यावरून ठरतं. वडील त्या गावच्या मैदानाचं गवत कापायचे, रेषा आखायचे, आणि उरलेला वेळ रेषेवर उभे राहून मुलींचा खेळ बघायचे. धाकटी अकरा वर्षं गावच्या संघात होती आणि अकरा वर्षं बाकावर. "आई माझी जर्सी धूतच नसे," ती एकदा बाटल्या भरताना म्हणाली. "नुसती घडी करून परत कपाटात."

पण त्या बाकावर बसून तिनं खेळ इतका पाहिला होता, की कुणाचं काय चुकतंय ते तिला चुकायच्या आधी दिसायचं. आणि एक गोष्ट तिनं स्वतःच्या अंगात मुरवली होती. समोरची बाई फटका मारते त्या क्षणी तिच्या बुटासमोर दोन्ही हात घालून चेंडू अडवायचा. त्याला वेग लागत नाही, नेम लागत नाही. फक्त डोळे मिटायचे नसतात. ईस्ट कोस्टच्या वाळूत रविवारी सकाळी ती आम्हाला समोर उभं करायची आणि म्हणायची, "मारा." आम्ही मारायचो. ती आडवी पडून हात घालायची, उठायची, पुन्हा म्हणायची, "मारा." सायकलवरून जाणारी माणसं थांबून बघायची. तिची बोटं कायम सुजलेली असायची. लॅबमध्ये पिपेट धरताना ती अंगठा आणि करंगळीनं धरायची.

आमचा संघही तिच्यासारखाच. चेंडू आला की मान फिरवणारी एक नर्स, जाड भिंगांची एक शाळामास्तरीण, नवऱ्याबरोबर आलेल्या आणि घरी कंटाळलेल्या दोघी-तिघी. तिकडे आयर्लंडात यांच्यापैकी कुणाला कुणी मैदानात उतरवलं नसतं. इथे ती प्रत्येकीला एकच काम द्यायची आणि ते काम झोपेतही करता येईल इतकं घोटून घ्यायची. नर्सनं फक्त उंच चेंडू झेलायचे. मास्तरणीनं झेललेला चेंडू डावीकडे द्यायचा. मी पाठलाग करायचा आणि पाठीवर थापा मारायच्या नाहीत. बुटावर चेंडू टाकून झेलण्याचा सराव मी सकाळी आमच्या ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत करायचे. तिथे चेंडू खेळायला मनाई असल्याचा बोर्ड होता. त्याच्याखाली बसणारे एक चिनी अंकल रोज म्हणायचे, "आन्टी, here cannot play." महिन्याभरानं ते म्हणायला लागले, "आन्टी, left leg also must practise lah."

वर्षभरात आम्ही जिंकायला लागलो. मला याचं आश्चर्य वाटत नव्हतं, यावरून फोटोतल्या त्या बाईची अक्कल कळावी. तिला वाटायचं की हे सगळं तिच्या खो-खोमुळे होतंय.

मग त्या वर्षी आशियातल्या शहरांमधल्या अशा संघांची स्पर्धा सिंगापुरात भरायची ठरली, आणि कप्तानच्या वडिलांनी कळवलं की ते येताहेत.

त्यांची फुप्फुसं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी एवढा प्रवास करू नका म्हणून सांगितलं होतं. पुन्हा येणं होणार नाही हे त्यांना माहीत होतं आणि तिलाही. त्यांनी थोरल्या दोघींचे शेकड्यांनी सामने पाहिले होते. धाकटीला मोठी झाल्यापासून त्यांनी सामन्यात खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं, कारण ती कधी उतरलीच नव्हती. तिनं मला हे लॅबमध्ये सांगितलं, काचेच्या पलीकडे बघत, कोरड्या आवाजात. "एकदा बघितलं त्यांनी, की झालं," एवढंच म्हणाली. मी तिला म्हणाले, "बघतील की. कप्तान आहेस तू."

स्पर्धेच्या तीन आठवडे आधी एक नवी मुलगी आली. तिच्या बँकेनं तिला सिंगापूरला पाठवलं होतं. तिकडे जिल्ह्याच्या संघातून खेळलेली. तिनं पहिल्याच दिवशी चेंडू बुटावर टाकत, झेलत, आमच्यातल्या पाच जणींना असं ओलांडलं की आम्ही जागच्या जागी टाळ्या वाजवल्या. तिची जागा मधल्या फळीत, म्हणजे कप्तानच्याच जागेवर.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सरावानंतर कप्ताननं नऊ नावं वाचली. वडील तिथेच होते, झाडाखाली घडीच्या खुर्चीत, मांडीवर टोपी. पहिल्या आठ नावांत नवी मुलगी होती. नववी जागा कप्तानची असणार हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिनं नववं नाव माझं वाचलं.

मी म्हातारबुवांकडे पाहिलं. ते आपल्या टोपीकडे बघत होते.

मी तिच्या मागोमाग गेले. "हे काय केलंस?"

"उद्या ज्यांच्याशी गाठ पडेल त्यांच्यात एक आहे, सोनेरी वेणीची. तिला तू रोखू शकतेस, मी नाही."

"पण तुझे बाबा..."

"इतके दिवस मी तुम्हाला सांगत आले, नाव बघायचं नाही, काम बघायचं. आज माझं नाव आलं म्हणून फिरवू?"

मी घरी आले. जेवण गेलं नाही. आपल्या संसारात रमलेली माणसं जसा उपकार करायला निघतात, तशी फोटोतल्या त्या बाईनं योजना आखली. तिनं कप्तानला मेसेज पाठवला की डावा गुडघा दुखावला आहे, उद्या खेळणं जमणार नाही. मुलगी म्हणाली, "कुठे दुखावला? आत्ता तर स्टुलावर चढून डबा काढलास." मी म्हणाले, "तू अभ्यास कर."

सकाळी मी मैदानावर लंगडत गेले. चांगली लंगडत होते, चेहराही पाडला होता. कप्ताननं मला पाण्याच्या पिंपांच्या मागे नेलं.

"कुठला गुडघा?"

"हा ना," मी हात लावून दाखवला.

"हा उजवा आहे. काल डावा होता."

तिचा चेहरा आधीच लाल होता, तो आता पांढरा पडला. मी तिला रागावलेली पहिल्यांदाच पाहिली. ती हळू आवाजात बोलली. "मी अकरा वर्षं बाकावर बसले, पण माझ्यावर दया करून मला कुणी आत घेतलं नाही. एवढा तरी मान त्यांनी मला दिला. आणि तू? माझ्या बापासमोर?" मग तिनं माझ्या हातात जर्सी दिली. "घाल. आणि आज पडलीस तरी उठायचं. पुन्हा नाटक नको."

त्या दिवशीचं ऊन मी विसरणार नाही. सकाळी तीन सामने झाले, छोटे-छोटे. बाराजणींच्या संघात बदली तिघी, त्यांतली एक कप्तान. बाकीच्या दोघींना तिनं आलटून पालटून उतरवलं. स्वतः ती रेषेवरच. "बाहेरून दिसतं ते आतून दिसत नाही," म्हणायची. तिसऱ्या सामन्यात त्या दोघींतल्या एकीचा पाय मुरगळला आणि दुसरीला उन्हानं उलट्या सुरू झाल्या. तिन्ही सामने आम्ही जिंकलो आणि अंतिम सामन्यात गेलो. वडील दिवसभर त्याच खुर्चीत. एका ओल्या टॉवेलखाली फक्त नाक आणि डोळे दिसत होते.

अंतिम सामना सोनेरी वेणीवालीच्या संघाशी. ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान असेल. मी तिच्या मागे लागले. ती डावीकडे गेली की मी डावीकडे, ती पाणी प्यायला गेली तर मी पिंपापाशी. एकदा तिनं वळून विचारलं, "तुला काही वेगळं काम नाही का?" मी म्हणाले, "नाही ना." ती हसली. पहिला अर्धा डाव आणि दुसऱ्याचा बराचसा भाग तिला एकही गुण मिळाला नाही. मी स्वतः त्या सामन्यात चेंडूला एकदाही हात लावला नाही. आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. माझ्या मनात तिकडे सातारा जिल्ह्यातल्या त्या शाळेच्या मैदानावर माझा सत्कार चालू होता.

संपायला चार-पाच मिनिटं असतील. ती एकदम वळली, मी वळले, आणि माझी उजवी पोटरी कुणीतरी पिळल्यासारखी वर गेली. मी तोंडावर पडले. श्वास येईना.

"उठ!" रेषेवरून कप्तान ओरडली. "सांगितलं होतं ना मी! उठ!"

मी हात हलवला. आमची नर्ससुद्धा जागची हलली नाही. सकाळची गोष्ट एव्हाना सगळ्यांना कळली होती. सगळ्या बायका मला पाहत उभ्या, जसं एखादं मूल दुकानात लोळण घेतं तेव्हा लोक बघतात. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही. खोटं सकाळी बोलले होते आणि खरं दुपारी दुखत होतं.

गुडघ्यावर बसली ती सोनेरी वेणीवाली. तिनं माझा बूट धरून पाऊल वर वाकवलं, पोटरी चाचपली आणि कप्तानला ओरडून सांगितलं, "अगं, हिची पोटरी दगड झालीय! ही नाही खेळू शकत!"

पंचानं घड्याळ थांबवलं. बदली म्हणून एकटी कप्तानच उरली होती. तिनं अंगावरचा सैल टी-शर्ट काढला. आत जर्सी होतीच, पहाटेपासून.

मला दोघींनी धरून म्हातारबुवांच्या खुर्चीशेजारी गवतावर आणून ठेवलं. ते खाली वाकले, श्वास घ्यायला थांबले, म्हणाले, "खरंच आहे का या वेळी?"

"खरंच," मी म्हणाले.

"बरं." आणि माझ्या खांद्यावर हात टाकून ते उठून उभे राहिले. त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला. तो फारसा नव्हता.

कप्तान धावत होती, तिच्या त्या जड धावण्यानं. चेंडू एकदा तिच्याकडे आला आणि हातातून सुटला. म्हातारबुवा मला म्हणाले, "तिला खेळ कधीच आला नाही."

"आम्हाला सगळ्यांना माहीत आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, रागावले. पण त्यांच्या छातीतून शिट्टीसारखं काहीतरी वाजलं, आणि मला कळलं की ते हसताहेत.

आता शेवटचं मिनिट. सोनेरी वेणीवाली मोकळी झाली होती, तिच्या मागे मी नव्हते. चेंडू तिला मिळाला, ती आमच्या गोलाच्या अगदी तोंडाशी आली. तिला एक गुण पुरणार नव्हता, तीनच हवे होते, म्हणून तिनं चेंडू खाली, जाळीकडे मारायला पाय मागे घेतला. कप्तान बाजूनं येत होती. ती पोचणार नाही हे मला दिसलं. ती पोचली नाहीच. पण तिनं तिथूनच अंग फेकलं, हात पुढे घातले, आणि बुटापासून निघालेला चेंडू तिच्या बोटांच्या टोकांना लागला. जाळीकडे निघालेला चेंडू उडाला, दांडीच्या वरून, खांबांच्या मधून मागे गेला.

सगळं मैदान पंचाच्या हातांकडे बघत होतं. पांढरा झेंडा वर गेला. एकच गुण, आणि लगेच शेवटची शिट्टी. आम्ही एका गुणानं जिंकलो होतो.

आमच्या बायका आरडाओरडा करत धावल्या. म्हातारबुवांनी टाळी वाजवली नाही. त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. ते मैदानाकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "उशीर केला. अर्धं पाऊल आधी निघाली असती तर तेवढाही गेला नसता."

मग ते खुर्चीत बसले आणि टॉवेल डोक्यावर ओढून घेतला. मला त्यांचा राग आला. मनात म्हटलं, हा काय बाप आहे. एवढ्या लांबून आला, पोरीनं बोटं मोडून घेतली, आणि याच्या तोंडून हे.

कप्तान आली तेव्हा तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट जांभळं झालेलं होतं, त्यावर बर्फाची पिशवी. वडील डोळे मिटून होते. ती माझ्याशेजारी उकिडवी बसली. सकाळपासून ती माझ्याशी त्या एका बोलण्यापलीकडे बोलली नव्हती. आता हळूच विचारलं, "काही म्हणाले का?"

आपल्याकडे बापाचा असा शब्द कुणी लेकीपर्यंत पोचवत नाही. मीही पोचवला नाही. माझ्या तोंडून लगेच निघालं, "खूप खूष झाले गं. म्हणाले, छान खेळली माझी पोर."

तिचा चेहरा उतरला. माझ्या देखत उतरला, दिवा मालवावा तसा. "हो," ती म्हणाली. "तसंच म्हणतात ते."

"म्हणजे?"

"मला नेहमी छानच म्हणतात. बाकावर बसून आले तरी छान. बहिणी जिंकून आल्या की जेवणाच्या टेबलावर तासभर त्यांच्या चुका काढायचे. तू इथे उभी का राहिलीस, तू तो चेंडू का सोडलास. त्या रडायच्यासुद्धा. मी बटाटे खात बसायचे. मला एकदाही काही चुकलं म्हणाले नाहीत. चुकायला आधी खेळाडू असावं लागतं ना." ती बर्फाची पिशवी हलवत उठायला लागली.

मी तिचा जर्सीचा कोपरा धरला. "थांब. मी खोटं बोलले."

"पुन्हा?"

"पुन्हा. ते छान म्हणाले नाहीत. ते म्हणाले, उशीर केला."

ती तशीच अर्धवट उठलेली. "काय?"

"उशीर केला म्हणाले. अर्धं पाऊल आधी निघाली असतीस तर तेवढाही गुण गेला नसता, असं म्हणाले. टाळीसुद्धा वाजवली नाही. आईशप्पथ."

ती माझ्याकडे बघत राहिली, या वेळी खरं बोलतेय की नाही ते शोधत. त्यात तिची चूक नव्हती. मग विचारलं, "अर्धं? अर्धंच म्हणाले?"

"अर्धंच."

ती गेली आणि वडिलांच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. मला ऐकू येत नव्हतं. तिनं काहीतरी विचारलं. म्हातारबुवांनी टॉवेल बाजूला केला आणि हात लांब करून मैदानातली एक जागा दाखवली. तिनं मान हलवली, नाही म्हणून, आणि दुसरी जागा दाखवली. ते चिडले. उठायला लागले, श्वास पुरेना म्हणून पुन्हा बसले, आणि बसल्या बसल्या बुटाच्या टाचेनं गवतावर रेघ ओढून तिला दाखवू लागले, ती कुठे होती आणि कुठे असायला हवी होती. ती गुडघ्यांवर बसून त्या रेघेकडे बघत त्यांच्याशी भांडत होती, बर्फ गवतात पडला होता, आणि त्यांनी तिला आणखी एक चूक दाखवली.

संध्याकाळी सगळ्या जेवायला हॉकर सेंटरला निघाल्या तरी ती दोघं तिथेच होती. मी लंगडत त्यांना बोलवायला गेले. जवळ पोचले आणि तशीच मागे फिरले.